आकाशवाणीच्या साथीने घरच्या घरी मेटल डिटेक्टर

गावचं घर उतरवलं तेव्हा सागवानाच्या अकरा तुळया निघाल्या. त्यांतून एक टेबल आणि दोन बाकं करायचं ठरलं. सुतारमामांनी पहिली तुळई मशीनच्या रंध्यात घातली, हातभर लाकूड पुढे सरकलं आणि कर्र आवाज होऊन पात्याचा टवकाच उडाला. आत खिळा मोडून राहिला होता आणि वरून लाकूड पार मिटलेलं. मामा म्हणाले, "दादा, आत काय आहे ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं." त्याच आठवड्यात मी मेटल डिटेक्टर बांधायला घेतला.

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद नुकता लागलेल्या कुणालाही दोन रविवारांत हा डिटेक्टर जमेल. त्यात एक ट्रान्झिस्टर आहे, वीस मीटर तार आहे आणि घरात पडून असलेला मीडियम वेव्हचा रेडिओ आहे. नेहमीच्या साध्या डिटेक्टरमध्ये दोन ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरी तयार करणारी सर्किटं, लागतात. इथे आपण एकच बांधायचा. दुसरा आकाशवाणीने आधीच बांधून, प्रचंड ताकदीने आणि अतिशय अचूक फ्रिक्वेन्सीवर चालू ठेवलेला आहे. नवशिक्याने या जोडीचा फायदा घ्यावा आणि वाचलेली सगळी मेहनत कॉइलवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर, घालावी, असं माझं ठाम मत आहे.

हे चालतं कसं

तारेची कॉइल आणि कंडेन्सर जोडले की त्यांची एक ठरावीक फ्रिक्वेन्सी असते. ट्रान्झिस्टर त्या जोडीला सतत झोके देत राहतो. कॉइलजवळ तांबं किंवा पितळ आणलं तर त्या धातूत छोटे गोल प्रवाह फिरू लागतात आणि ते कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राला विरोध करतात. त्यामुळे कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला अडवण्याचा गुण, किंचित घटतो आणि फ्रिक्वेन्सी किंचित वाढते.

हा बदल फारच थोडा असतो. आपला ऑसिलेटर ९९ किलोहर्ट्झवर चालतो आहे आणि नाण्यामुळे तो १० हर्ट्झने सरकला, असं धरा. ९९,००० मधले १० कुणाच्या कानाला कळणार? शिवाय ९९ किलोहर्ट्झ मुळात ऐकूच येत नाही. पण ऑसिलेटरमधून मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा फ्रिक्वेन्सीही निघतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. ९९ ची आठपट ७९२, आणि ७९२ किलोहर्ट्झ हे आकाशवाणी पुण्याचं मीडियम वेव्हवरचं ठिकाण. रेडिओत केंद्राची लहर आणि आपली आठवी हार्मोनिक एकत्र आल्या की दोघींमधला फरक शिट्टीसारखा ऐकू येतो. मूळ फ्रिक्वेन्सी १० हर्ट्झने सरकली की आठवी हार्मोनिक ८० हर्ट्झने सरकते. २०० हर्ट्झची घुमणारी शिट्टी २८० वर गेली तर गाण्याचा कान नसलेल्या माणसालाही ते कळतं.

एकाच पेटीत दोन ऑसिलेटर ठेवले की त्यांच्या फ्रिक्वेन्सी फार जवळ आल्यावर ते एकमेकांना ओढून घेतात. शिट्टी नेमकी हवी तिथेच गप्प होते आणि नवशिका हैराण होतो. केंद्राचा ट्रान्समीटर मात्र तुमच्या एका ट्रान्झिस्टरला दाद देत नाही. तो आपल्या जागी ठाम राहतो.

पुण्यात नसलात तरी काही अडत नाही. मुंबई केंद्रं ५५८ आणि १०४४ वर, नागपूर ५८५ वर, जळगाव ९६३, रत्नागिरी ११४३, सांगली १२५१ आणि पणजी १२८७ वर, हे जुन्या श्रोत्यांना पाठ आहे. अलीकडे देशात काही ठिकाणची मीडियम वेव्ह प्रक्षेपणं बंद झाली आहेत, म्हणून तुमच्या अंगणात आज काय लागतं ते आधी रेडिओ फिरवून बघा. केंद्र पुसट असलं तर उलट बरंच. निवेदकाचा आवाज मागे राहतो आणि शिट्टी पुढे येते.

सामान

बीसी५४७ ट्रान्झिस्टर एक, पण दोन-तीन आणून ठेवा. ७८एल०५ हा छोटा पाच व्होल्टचा रेग्युलेटर एक. रेझिस्टन्स: ४७ किलोओहमचे दोन, २.२ किलोओहमचा एक, ४७० ओहमचा एक. कंडेन्सर: १० नॅनोफॅरडचे दोन, १०० नॅनोफॅरडचे तीन, आणि पिकोफॅरडमध्ये ३३, २२, ४७, २२० प्रत्येकी एक, १०० चे दोन. जुन्या रेडिओतला प्लॅस्टिकचा गँग, म्हणजे केंद्र लावायला फिरवतो तो कंडेन्सर, झिरो बोर्डचा (सुटे भाग सोल्डर करायच्या भोकाभोकांच्या पाटीचा) तुकडा, नऊ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, एक स्विच, मीटरभर माइकची शिल्डेड वायर. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर, इथे हे सगळं एका फेरीत मिळतं.

तार मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शोधू नका. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जा आणि २८ गेजची इनॅमलची तांब्याची तार मागा. तो ती वजनावर देतो. आपल्याला लागणारी वीस मीटर तार जेमतेम वीस ग्रॅम भरते. पन्नास ग्रॅम घ्या, म्हणजे एक कॉइल बिघडली तरी पुन्हा जावं लागणार नाही.

दहा नॅनोफॅरडचे दोन कंडेन्सर हा या सगळ्या सामानातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. १०३ छापलेला तपकिरी सिरॅमिक डिस्क इथे वापरू नका. कंडेन्सरची क्षमता (कपॅसिटन्स) दहा हजारात एक भाग बदलली तरी ७९२ किलोहर्ट्झवर सूर सुमारे ४० हर्ट्झने सरकतो, आणि डिस्क कंडेन्सर उन्हात यापेक्षा कितीतरी जास्त बदलतो. माझा पहिला प्रयत्न याच डिस्कवर झाला. सावलीतून उन्हात गेलो की शिट्टी चढायची, ढग आला की उतरायची. पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीन मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास २ए१०३जे छापलेले हिरवे पॉलिस्टर घ्या. पिकोफॅरडवाले सगळे एनपीओ जातीचे, म्हणजे उष्णतेने फारसे न बदलणारे, मागा.

रेडिओ जुन्या काट्याचा असावा. डिजिटल आकड्यांचे बरेचसे रेडिओ नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या उड्या मारत पुढे जातात, त्यावर पुढची जुळवणी करताना त्रास होतो. मोबाइलमधला एफएम रेडिओ या कामाचा नाही.

कॉइल

पुठ्ठा अंथरलेल्या फळीवर २० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. त्यावर सारख्या अंतराने सोळा खिळे ठोका आणि प्रत्येक खिळ्यावर प्लॅस्टिकच्या स्ट्रॉचा तुकडा चढवा. नंतर स्ट्रॉ उपटले की कॉइल सैल होऊन अलगद उचलता येते. खिळे नुसते ठेवले तर कॉइल काढताना इनॅमल खरवडलं जातं आणि दोन वेढे आतल्या आत चिकटतात, हे बाहेरून दिसतही नाही.

सुरुवातीला वीतभर तार मोकळी सोडा आणि ३० वेढे घाला. ताण सारखा हवा. वेढे एकमेकांवर चढले तरी चालतील, पण जुडगा सैल नको. मोजताना कुणी हाक मारली तर चुकायला होतं, म्हणून मी दर पाच वेढ्यांना कागदावर रेघ मारतो. एक वेढा कमी-जास्त झाला तर आठवी हार्मोनिक २५ ते ३० किलोहर्ट्झने सरकते, तेव्हा इथली काळजी पुढचा तास वाचवते.

वेढे पूर्ण झाले की बोटभर अंतरावर शिवणाच्या दोऱ्याने जुडगा बांधा, स्ट्रॉ काढा, कॉइल उचला. दोन्ही टोकांचं इनॅमल ब्लेडने खरवडून मल्टिमीटर लावा. तीन ओहमच्या आसपास आकडा दिसायला हवा. काहीच दिसलं नाही तर इनॅमल नीट निघालेलं नाही.

आता कॉइलवर कापडी किंवा पीव्हीसी टेपचा एक पूर्ण थर गुंडाळा. त्यावर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन बोटं रुंद पट्ट्या गुंडाळा, पण गोल पूर्ण करू नका. टोकं बाहेर येतात तिथे बोटभर जागा उघडी ठेवा. फॉइलचा गोल जुळला तर तो स्वतःच एक धातूचं कडं होतो, आणि मग डिटेक्टर जन्मभर त्या एकाच कड्याची वर्दी देत राहतो. ॲल्युमिनियमला सोल्डर धरत नाही. म्हणून कथिलाचा मुलामा असलेली उघडी तार फॉइलवरून सैल पिळाने फिरवा आणि तिचं एक टोक बाहेर काढा. हे टोक सर्किटच्या ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या मायनसच्या बाजूला, जाईल. उघडी ठेवलेली बोटभर जागा या तारेनेही ओलांडायची नाही. वरून पुन्हा टेप.

हे फॉइल कशासाठी? ओल्या गवताला कॉइल लागली किंवा हात जवळ गेला तरी कपॅसिटन्स बदलून सूर हलतो. फॉइल हा परिणाम अडवतं आणि धातूचा परिणाम मात्र आत येऊ देतं. फॉइल लावल्यावर फ्रिक्वेन्सी थोडी खाली येते, म्हणून ट्यूनिंगला फॉइल लावल्यानंतरच बसायचं.

कॉइल सहा मिलिमीटर प्लायवुडच्या गोल पाटीवर ठेवून दोऱ्याने बांधा आणि सगळीकडे फेव्हिकॉल किंवा एपॉक्सी सोडा. वाळल्यावर टिचकी मारा. वेढे हलता कामा नयेत.

पाटीत लोखंडी स्क्रू मारू नका. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी शरीरातली गोळी शोधायला असंच एक यंत्र तयार केलं होतं. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी यंत्राला गोंधळात टाकलं. शिवाय डॉक्टरांनी उजव्या बाजूलाच शोधायला लावलं आणि गोळी होती डावीकडे. पाटीवर एक स्क्रू ठेवायचा मोह झाला की मला ती गादी आठवते.

सर्किट

पहिलं जोडकाम रेग्युलेटरचं. ७८एल०५ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून आउटपुट, ग्राउंड, इनपुट असा क्रम असतो. मोठ्या ७८०५ च्या बरोबर उलटा. बॅटरीचा प्लस स्विचमधून इनपुटला, मायनस ग्राउंडला. इनपुट ते ग्राउंड आणि आउटपुट ते ग्राउंड असे १०० नॅनोफॅरडचे दोन कंडेन्सर. आउटपुटला पाच व्होल्ट मोजा आणि मगच पुढे जा. रेग्युलेटर हवाच, कारण बॅटरी उतरत जाते तसा त्याच्याविना सूरही सरकत जातो.

बीसी५४७ ची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पाच व्होल्टवरून ४७० ओहम कलेक्टरला. पाच व्होल्टवरून ४७ किलोओहम बेसला आणि बेसवरून दुसरा ४७ किलोओहम ग्राउंडला. एमिटरवरून २.२ किलोओहम ग्राउंडला. १० नॅनोफॅरडचा एक कंडेन्सर बेस आणि एमिटरच्या मध्ये, दुसरा एमिटर आणि ग्राउंडच्या मध्ये.

कॉइल जोडण्याआधी एमिटरवर व्होल्टेज बघा. पावणेदोन-दोन व्होल्टच्या आसपास आलं तर ट्रान्झिस्टर नीट बसला आहे. शून्य आलं तर पाय उलटे लागले असतील, नाहीतर एखादा सोल्डर कोरडा राहिला असेल. कोरडा सोल्डर ओळखायला सोपा. चांगला ठिपका चकचकीत असतो आणि पायावर उतरणीसारखा चढतो. कोरडा मळकट, गोळीसारखा वर बसतो.

आता बेसवरून १०० नॅनोफॅरडचा तिसरा कंडेन्सर आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला शिल्डेड वायरची आतली तार. ती कॉइलच्या एका टोकाला जाईल. वायरची बाहेरची जाळी, कॉइलचं दुसरं टोक आणि फॉइलची तार, तिन्ही ग्राउंडला. हा मधला कंडेन्सर विसरलात तर कॉइल बेसला थेट ग्राउंडशी जोडेल आणि सर्किट मुकं राहील.

कॉइलच्या गरम टोकावरून, म्हणजे १०० नॅनोफॅरडच्या कॉइलकडच्या बाजूवरून, ३३ पिकोफॅरड आणि त्याच्याशी एका ओळीत गँग, मग ग्राउंड. गँग एकटा लावला तर त्याचा एक अंश फिरवला की सूर शंभरेक हर्ट्झने उडतो आणि हवं ते स्थान हाती लागत नाही. मध्ये ३३ घातले की तोच अंश दहा हर्ट्झच्या आसपास येतो. कॉइलला समांतर आणखी छोटे कंडेन्सर नंतर जोडायचे आहेत, म्हणून बोर्डवर तिथे चार-पाच भोकं मोकळी ठेवा.

शेवटी कलेक्टरवरून उरलेल्या दोन १०० पिकोफॅरडपैकी एक, आणि त्याला अर्धा मीटर साधी वायर. तिचं टोक रेडिओभोवती दोन वेढे घालून ठेवायचं. हार्मोनिक या वायरीतून रेडिओत जातात. ही वायर एमिटरवर लावली तर तिला हात लागताच सूर हलतो.

जुळवणी

घरातल्या एलईडी ट्यूब आणि मोबाइलचे चार्जर बंद करा. मीडियम वेव्हवर ते फार खरखर करतात. गच्ची किंवा अंगण सगळ्यात चांगलं. वेळ दिवसाची निवडा, कारण रात्री दूरची केंद्रं येतात-जातात आणि नवशिक्याचा गोंधळ होतो.

सर्किट चालू करा आणि रेडिओचा काटा केंद्र नसलेल्या भागातून हळूहळू फिरवा. एका जागी खरखर एकदम दबून शांत होईल. सर्किट बंद केलं की खरखर परत येईल. तीच तुमची हार्मोनिक. कोऱ्या लहरीवर आवाज नसतो, म्हणून ती शांततेतून ओळखायची. काटा पुढे न्या, शंभरेक किलोहर्ट्झवर दुसरी शांत जागा मिळेल. दोन शेजारच्या शांत जागांमधलं अंतर म्हणजेच तुमच्या ऑसिलेटरची मूळ फ्रिक्वेन्सी. माझ्या कॉइलला एक जागा ७१८ च्या आसपास आणि पुढची ८२० ला मिळाली. फरक १०२ आला. फ्रिक्वेन्सी मीटर विकत न घेता हे कळतं, याचा मला आजही आनंद होतो.

मला ८२० वरून ७९२ वर यायचं होतं. फ्रिक्वेन्सी खाली आणायची तर कॉइलला समांतर कंडेन्सर वाढवायचे. आधी २२० पिकोफॅरड लावलं, शांत जागा ८०० च्या थोडी वर आली. मग १०० लावलं, ती ७९० च्या घरात सरकली. आता रेडिओ पुणे केंद्रावर ठेवून २२ लावलं आणि बातम्यांच्या मागे उंच, बारीक शिट्टी सुरू झाली. तुमची कॉइल वेगळी असेल, तेव्हा आकडे वेगळे येतील. एवढं लक्षात ठेवा की या जागी २२ पिकोफॅरड म्हणजे साधारण दीड किलोहर्ट्झ. तुमची शांत जागा केंद्राच्या खालीच असेल तर कंडेन्सर घालून काही होणार नाही. कॉइलचा एक वेढा काढा, नाहीतर खालचं दुसरं केंद्र धरा.

शिट्टी मिळाल्यावर गँग हळूहळू फिरवा. सूर खाली येत घुमू लागेल, मग नुसती धडधड, मग क्षणभर शांतता, आणि पलीकडे तो पुन्हा चढेल. शांततेच्या दोन्ही बाजू कानाला सारख्याच वाटतात, पण उपयोगी एकच. २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे भुंग्याच्या आवाजाएवढा सूर ठेवा आणि पाटीवर पितळी वाटी आणा. सूर चढला तर बाजू बरोबर. उतरला तर शांततेच्या पलीकडे जा.

नाण्यांवर सराव करताना हे बघून घ्या: पाच रुपयांचं पिवळं नाणं निकेल-पितळेचं आहे, ते सूर स्वच्छ चढवतं. हल्लीचं रुपयाचं नाणं स्टीलचं, चुंबकाला चिकटणारं. रेडिओतला फेराइटचा तुकडा आणलात तर सूर उतरतो. लोखंड मात्र आकाराप्रमाणे वागतं. डब्याचं पसरट झाकण सूर चढवतं, लांब खिळा कधी उतरवतोही. म्हणून सूर कुठे गेला यावरून धातू कोणता ते सांगू नका. सूर हलला, खाली धातू आहे, एवढंच हे यंत्र प्रामाणिकपणे सांगतं.

दांडा आणि बाहेरचं काम

पाऊण इंची पीव्हीसी पाइप कंबरेच्या मापाने कापा आणि पाटीला नायलॉनच्या दोरीने व एपॉक्सीने बसवा. सर्किटची प्लॅस्टिकची डबी कॉइलपासून दीड हात वर, रेडिओ मुठीजवळ. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक आहे आणि बॅटरीला पत्र्याचं कवच, दोन्ही कॉइलपासून दूर हवीत. सगळ्या वायरी पाइपला घट्ट बांधा. रेडिओ आडवा-उभा फिरवून शिट्टी सर्वांत मोठी येईल त्या दिशेला पक्का करा, कारण त्यातला अँटेनाचा फेराइट रॉड दिशेप्रमाणे ऐकतो.

चालू केल्यावर पाच-सात मिनिटं थांबा, सूर स्थिरावतो. कॉइल जमिनीपासून बोटभर उंचीवर, सारख्या पातळीत फिरवा. कोकणातल्या जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि रत्नागिरीच्या बाजूच्या किनाऱ्यांवर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळू सापडते. अशा जागी उंची बदलली तरी सूर हलतो आणि धातू असल्याचा भास होतो. जमिनीजवळ नेऊनच गँग पुन्हा लावून घ्या.

अपेक्षाही मापात ठेवा. माझ्या कॉइलला पाच रुपयांचं नाणं सहा-सात सेंटीमीटरवर कळतं, पातेल्याच्या झाकणाएवढी वस्तू वीतभर खोलीवर. शेतात पडलेला नट, अंगणातल्या मातीत हरवलेली किल्ली, पाइपलाइनचा लोखंडी सांधा, यासाठी हे पुरतं. भिंतीत गज आहे की नाही तेही सांगतं, पण आतली वायर जिवंत आहे की नाही ते सांगत नाही. ड्रिल मारण्याआधी मेन स्विच बंद करायचाच.

आणि गडकिल्ल्यांवर हे यंत्र नेऊ नका. हे मी मनापासून सांगतो. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. इतर जमिनीतही दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही दडलेलं सापडलं, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मातीतून उपटलेलं शिवकालीन नाणं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं हे कायमचं पुसलं जातं, आणि अभ्यासकाला नाण्याइतकीच त्या जागेची गरज असते. लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानांजवळ तर पाऊलही टाकू नका. तिथे सूर चढवणारी वस्तू न फुटलेला गोळा असू शकते.

लाकडासाठी छोटी कॉइल

वीस सेंटीमीटरची कॉइल तुळईवर धरली तर आत खिळा आहे एवढं कळलं, पण नेमका कुठे ते कळेना. मग दहा सेंटीमीटर व्यासाची दुसरी कॉइल केली. वेढे ४६, बाकी सगळं तसंच, फॉइलसकट. इंडक्टन्स जवळपास तोच येत असल्याने सर्किट बदलावं लागलं नाही. एखादा छोटा कंडेन्सर इकडेतिकडे करून शिट्टी पुन्हा मिळाली. शिल्डेड वायरच्या टोकाला पिन आणि डबीवर सॉकेट बसवलं की कॉइल बदलणं मिनिटाचं काम.

लाकडावर चालवताना तुळई दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, लोखंडी घोडीवर नको. हातातली अंगठी आणि घड्याळ काढा. कॉइल लांबीच्या दिशेने सावकाश सरकवा. सूर हलला तिथे थांबा, मग आडवी सरकवा. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे खडूने फुली मारा. तुळई उलटी करून पुन्हा बघा, कारण एका बाजूने मला दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा खोल खिळा कळत नव्हता.

दुसऱ्या तुळईवर सात फुल्या पडल्या. मामांनी पहिल्या फुलीवर पटाशी लावली, दोन टोले मारले आणि चिमट्याने गंजलेला, करंगळीएवढा चुका बाहेर काढला. सहा जागी खिळे निघाले. सातव्या फुलीवर बराच वेळ काही मिळेना. मामा पटाशी खाली ठेवणार होते, मी पुन्हा कॉइल फिरवली आणि सूर तिथेच चढला. आणखी अर्धं बोट खोल गेल्यावर बिजागरीचा पितळी तुकडा लागला.